दोन वर्षांचा दर माहीत, तीनचा माहीत, मग अडीचचा कुठून आणायचा?

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट चार वेळा कापला. फेब्रुवारीत ६.५० चा ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का काढून ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. सव्वा टक्का गेला वर्षभरात. घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलेली मंडळी खूश, कारण ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग होम लोनचा दर बाहेरच्या बेंचमार्कला बांधलेला असतो आणि बऱ्याच बँका तो रेपोलाच बांधतात. पण त्याच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, की मग सरकारच्या दहा वर्षांच्या बाँडचा दर का नाही सव्वा टक्क्याने उतरला? तो तर थोडाफार हलला आणि परत वर पण आला.

कारण असं की "व्याजदर" नावाचा एकच आकडा नसतोच मुळी. एका रात्रीसाठी पैसे द्यायचे तर एक दर, एका वर्षासाठी वेगळा, दहा वर्षांसाठी अजून वेगळा. रेपो हा अगदी छोट्या मुदतीचा दर, दहा वर्षांच्या दरात पुढच्या दहा वर्षांत काय काय होईल याचे सगळ्यांचे अंदाज आणि थोडी भीती मिसळलेली असते. खाली मुदत आणि बाजूला दर असा ग्राफ काढला की जी रेघ येते तिला यील्ड कर्व्ह म्हणतात, आपण नुसतं कर्व्ह म्हणू.

आता गंमत इथून सुरू होते. ही रेघ कुणी आखून देत नाही. बाजार फक्त काही ठिपके देतो. रुपयाच्या ओआयएस मार्केटमध्ये (ओआयएस म्हणजे एक जण ठरलेला फिक्स दर देतो आणि दुसरा रोजच्या कॉल मनीच्या, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीसाठी पैसे देतात त्या, दराचं चक्रवाढ करून देतो, असा करार) १ महिना, २, ३, ६, ९ महिने, मग १, २, ३, ४, ५, ७ आणि १० वर्षं असे भाव मिळतात. त्यातही खरी उलाढाल एक आणि पाच वर्षांच्या आसपास. आणि बँकेच्या पुस्तकात मात्र २ वर्षं ७ महिने ११ दिवस उरलेला सौदा बसलेला असतो, त्याची आजची किंमत रोज संध्याकाळी काढावीच लागते. ऐरोली, घणसोली, महापे पट्ट्यात बँकांच्या ट्रेझरीची सॉफ्टवेअर लिहिणारे, चालवणारे, टेस्ट करणारे कितीतरी लोक आहेत, त्यांच्या कोडमध्ये कुठेतरी एक फंक्शन असतं जे हे ठिपके घेतं आणि मधला आकडा देतं. त्यालाच इंटरपोलेशन म्हणायचं. बहुतेकांना वाटतं हे किरकोळ काम, शाळेत शिकलो ना दोन बिंदूंमधली सरळ रेघ, टाकली एक ओळ आणि झालं. माझं म्हणणं असं की त्या एका ओळीत बँकेचं भविष्याबद्दलचं मत लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही.

आधी तीन आकडे वेगळे करून घेऊ

तीन हात नाक्यावरून कुणीतरी कॅबने बेलापूरला निघालंय आणि तुम्ही घरी बसून त्याचं लोकेशन बघताय. नेटवर्क बेकार आहे त्यामुळे लोकेशन सलग येत नाही, मधे मधे एखादा ठिपका येतो. २० मिनिटांनी कळलं की ८ किलोमीटर झाले. ४० मिनिटांनी कळलं एकूण २० किलोमीटर झाले. म्हणजे पहिल्या ठिपक्यापर्यंतची सरासरी ताशी २४, दुसऱ्यापर्यंतची सरासरी ताशी ३०. पण दुसऱ्या २० मिनिटांत गाडी १२ किलोमीटर गेली, म्हणजे त्या टप्प्यात ती ताशी ३६ ने पळत होती, हे ना २४ मध्ये दिसतं ना ३० मध्ये.

सुरुवातीपासून आत्तापर्यंतची सरासरी म्हणजे झिरो रेट, आजपासून अमुक मुदतीपर्यंत पैसे लावले तर वर्षाला सरासरी किती. त्या त्या क्षणी स्पीडोमीटर काय दाखवतोय तो फॉरवर्ड रेट, म्हणजे भविष्यातल्या एखाद्या छोट्या तुकड्यापुरता दर. आणि एकूण कापलेलं अंतर म्हणजे आत्तापर्यंत साठलेलं व्याज. ते अंतर वाढलं की डिस्काउंट फॅक्टर (अमुक दिवशी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत) कमी होतो, नेमकं सांगायचं तर डिस्काउंट फॅक्टरचा लॉग घेऊन उणे चिन्ह लावलं की ते अंतर मिळतं. इथे व्याज सतत, क्षणोक्षणी चक्रवाढ होतंय असं धरलंय, हिशोब सोपा होतो म्हणून.

तिन्ही आकडे एकाच प्रवासाचे आहेत, एक माहीत असेल तर बाकीचे दोन काढता येतात. म्हणून "लिनिअर इंटरपोलेशन लावलंय" हे वाक्यच अर्धवट आहे. लिनिअर कशावर? सरासरीवर, अंतरावर की स्पीडोमीटरवर? तिन्हीची उत्तरं वेगळी येतात. क्वांटलिब ही फुकट मिळणारी लायब्ररी वापरली असेल तर आठवेल, तिथे हे दोन प्रश्न वेगळेच विचारतात, कोणत्या राशीवर आणि कोणत्या पद्धतीने. बऱ्याच घरगुती सिस्टिममध्ये पहिला प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

झिरो रेटवर सरळ रेघ मारली तर

उदाहरणाला मी बनवलेले आकडे घेतो. एका वर्षाचा झिरो रेट ५.५, दोनचा ५.७, तीनचा ६.२, चारचा ६.३. शहाण्यासारखा वर जाणारा कर्व्ह, बघून कुणाला शंका येणार नाही. मधले आकडे सरळ रेघेने भरले, अडीच वर्षांचा ५.९५ आला. ठीक वाटतंय ना?

आता याच रेघेवरून फॉरवर्ड काढा. सूत्र साधं आहे, त्या क्षणीचा झिरो रेट अधिक मुदत गुणिले रेघेचा चढ. दोन आणि तीन वर्षांच्या मधे चढ वर्षाला ०.५ आहे, त्यामुळे दोन वर्षं ओलांडली की फॉरवर्ड ६.७ ने सुरू होतो आणि तीन वर्षांपर्यंत ७.७ वर पोहोचतो. तीन ओलांडले की चढ फक्त ०.१ उरतो, म्हणून फॉरवर्ड धाडकन ६.५ वर. एका रात्रीत १.२ टक्के पडला! आणि दोन वर्षांच्या ठिपक्यावर पण असंच, अलीकडे ६.१ आणि पलीकडे ६.७.

बाजाराने असं काहीही सांगितलेलं नाही. तीन वर्षांनी अमुक तारखेला रिझर्व्ह बँक सव्वा टक्का कापणार असं कुणाच्या मनात पण नाही. ती उडी फक्त यासाठी आली की आपला ठिपका नेमका तिथे होता. कॅबच्या भाषेत, लोकेशन आलं त्याच क्षणाला ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि दोन ठिपक्यांच्या मधे मात्र सतत अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिला, असं आपण मानतोय.

मुदत जितकी लांब तितकं हे वाईट होतं, आणि का ते बघण्यासारखं आहे. गाडी वीस मिनिटं चालली असेल तर तिची सरासरी थोडी वाढवायला थोडाच वेग पुरतो, पण दोन तास चाललेल्या गाडीची सरासरी पुढच्या पाच मिनिटांत ताशी एक किलोमीटरने वाढवायची म्हटलं तर ड्रायव्हरला सुसाट जावं लागेल. सूत्रात मुदतीने गुणलंय ते यासाठीच. दहा वर्षांच्या ठिपक्याजवळ रेघेचा चढ वर्षाला नुसता ०.१ ने बदलला तरी फॉरवर्ड पूर्ण १ टक्क्याने उडी मारतो. झिरो कर्व्हच्या ग्राफवर तो बदल डोळ्यांना दिसत पण नाही. म्हणून पहिला नियम, कर्व्ह तपासायचा तर झिरोचा ग्राफ बघू नका, फॉरवर्डचा बघा. झिरोच्या ग्राफवर सगळेच गुणी दिसतात.

"पण फरक चार-पाच बेसिस पॉइंटचाच असेल ना?"

हा प्रश्न मॅनेजर लोक हमखास विचारतात (बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग). हो, तेवढाच आहे. वरच्याच उदाहरणात अडीच वर्षांचा झिरो रेट सरासरीवर सरळ रेघ मारली तर ५.९५, आणि अंतरावर सरळ रेघ मारली तर ६.००. पाच बेसिस पॉइंट. पण अडीच वर्षांनी येणाऱ्या १०० कोटींची आजची किंमत पहिल्या पद्धतीने सुमारे ८६.१८ कोटी येते आणि दुसऱ्या पद्धतीने ८६.०७ कोटी. फरक जवळपास पावणेअकरा लाख रुपयांचा, एकाच रकमेवर, आणि दोन्ही उत्तरं बाजाराच्या चारही ठिपक्यांशी तंतोतंत जुळतात. ऑडिटर ठिपके तपासून समाधानाने निघून जाईल.

आणि हे झालं सरासरीचं. ज्या सौद्याचा पैसा थेट फॉरवर्डवर ठरतो तिथे अजून बोंब. समजा कुणीतरी पावणेतीन वर्षांपासून तीन वर्षांपर्यंतच्या तीन महिन्यांचा दर आजच पक्का करून मागतंय. पहिली पद्धत म्हणते ७.५८, दुसरी म्हणते ७.२०. लगेच पुढच्या तीन महिन्यांचा विचारला तर पहिली म्हणते ६.५३, दुसरी ६.६०. समोरच्याकडे बरा कर्व्ह असेल तर तो तुमच्याकडून नेमका चुकीचा तुकडा उचलणार, १०० कोटींच्या त्या एका तिमाहीवर नऊ लाखांच्या वर फरक. त्याला फार हुशार असायची पण गरज नाही, दोन ठिकाणी भाव विचारला की पुरे.

मग रेघ छान गोल करून घेऊ

इथे सगळ्यांना क्युबिक स्प्लाइन आठवते. ठिपक्याठिपक्यांच्या मधे तिसऱ्या घाताचे तुकडे टाकायचे आणि ते असे जोडायचे की सांधा कळत नाही, चढ पण जुळतो आणि वाक पण जुळतो. इंजिनिअरिंगला शिकवलेलं असतं, पायथनच्या सायपाय लायब्ररीत तयार मिळतं, ग्राफ देखणा येतो, प्रेझेंटेशनमध्ये शोभतो.

त्याच चार आकड्यांवर नॅचरल स्प्लाइन लावून बघितली तर फॉरवर्डमधली उडी खरंच जाते. दोन वर्षांवर ६.५३, मग चढत चढत ७.४७ पर्यंत, तीन वर्षांवर ७.२६, आणि तिथून खाली येत चार वर्षांवर ६.१९. दिसायला बरं. पण दोन गोष्टी बघा. तीन वर्षांचा झिरो ६.२ आणि चारचा ६.३, तरी स्प्लाइन मधेच ६.३ च्या वर जाऊन परत खाली आली. थोडीशीच, अर्धा बेसिस पॉइंट, पण तुम्ही दिलेल्या दोन्ही आकड्यांच्या बाहेर जायची परवानगी तिला कुणी दिली? आकडे जास्त वाकडे असतील तर हे बाहेर जाणं पण मोठं होतं, आणि कधी कधी इतकं मोठं की फॉरवर्ड शून्याच्या खाली जातो. कॅब रिव्हर्समध्ये महाप्याहून रबाळ्याला निघाली. दुसरं म्हणजे चार वर्षांवरचा तो ६.१९ हा बाजारातून आलाच नाही, टोकाला वाक शून्य धरायचा अशी नॅचरल स्प्लाइनची अट आहे, तिच्यातून आला. उद्या पाच वर्षांचा ठिपका जोडलात की तो बदलणार.

तिसरी भानगड ट्रेडर लोकांना जास्त टोचते. स्प्लाइनमध्ये प्रत्येक तुकडा सगळ्या ठिपक्यांवर अवलंबून असतो. एक वर्षाचा दर एक बेसिस पॉइंट हलवला तर तीन आणि चारच्या मधली रेघ पण हलते, ठिपके सारख्या अंतरावर असतील तर पुढच्या प्रत्येक टप्प्यात परिणाम साधारण २७ टक्के उरतो आणि दर टप्प्याला उलट दिशेने. यातून जो हेज निघतो (हेज म्हणजे धोका मारायला केलेला उलटा सौदा) तो वाचून माणूस चक्रावतो, साडेचार वर्षांचा सौदा झाकायला सिस्टिम म्हणते चारचा घ्या, पाचचा घ्या, तीनचा थोडा विका, सातचा थोडा विका, दोनचा चिमूटभर परत घ्या. प्रत्येक सौद्याला ब्रोकरेज आहे बाबांनो.

अंतरावर सरळ रेघ

यापेक्षा साधी गोष्ट म्हणजे अंतरालाच सरळ रेघेने भरायचं. दोन ठिपक्यांच्या मधे गाडी एकाच वेगाने गेली असं धरा, बस. म्हणजे फॉरवर्ड प्रत्येक तुकड्यात सपाट. आपल्या उदाहरणात एक ते दोन ५.९, दोन ते तीन ७.२, तीन ते चार ६.६.

याची नावं तीन आहेत आणि लोक त्यावरून भांडतात पण, लॉग डिस्काउंटवर लिनिअर, फ्लॅट फॉरवर्ड, आणि झिरो गुणिले मुदत यावर लिनिअर. गणितात तिन्ही एकच. फायदे बरेच: ठिपक्याठिपक्याला कापलेलं अंतर वाढत असेल तर फॉरवर्ड कधीच ऋण येत नाही, कारण वेग म्हणजे वेळेने भागलेलं अंतर. झिरोचा एक ठिपका हलवला तर फक्त त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा तुकडा हलतो. हेज वाचता येतो. कोड दहा ओळींचा. रात्री दोन वाजता ईओडी (दिवसअखेरची प्रोसेस) फेल झाली तरी झोपेतला माणूस आकडा हाताने तपासू शकतो, आणि ज्याने कधी नाइट सपोर्ट केलाय त्याला याची किंमत कळेल.

मला विचाराल तर रुपयाच्या पुस्तकासाठी सुरुवात इथूनच करावी, आणि इथून हलायला ठोस कारण लागावं.

"पण पायऱ्यापायऱ्यांचा फॉरवर्ड खरा कसा असेल?"

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे आणि अर्धा चूक, मजा म्हणजे चूक अर्धा कर्व्हच्या सुरुवातीला लागू आहे.

रोजचा कॉल रेट कसा चालतो बघा. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती, म्हणजे एमपीसी, साधारण दर दोन महिन्यांनी बसते, वर्षाच्या बैठकांच्या तारखा आधीच जाहीर असतात. दोन बैठकांच्या मधे रेपो जिथे आहे तिथेच राहतो, आणि कॉल रेट त्याच्या आसपास, साधारणपणे खाली एसडीएफ (बँका जादा पैसे रिझर्व्ह बँकेत ठेवतात तो दर) आणि वर एमएसएफ (अडल्या वेळी तिच्याकडून पैसे उचलतात तो दर) या दोन दरांच्या मधे फिरतो, दोन्ही रेपोपासून पाव टक्का लांब. रेपो ५.२५ असेल तर ५.०० ते ५.५० ची ती पट्टी. बैठकीच्या दिवशी निर्णय झाला की पूर्ण पट्टी एकदम सरकते. म्हणजे पहिल्या वर्ष-दीड वर्षात खरा फॉरवर्ड पायऱ्यांचाच असतो! तिथे गुळगुळीत रेघ काढणं म्हणजे रेपो रोज थोडा थोडा उतरतोय असं म्हणणं, आणि तसं कधीच होत नाही.

फक्त पायरी योग्य जागी पडायला हवी. बाजाराचे ठिपके १, २, ३, ६ महिने असे आजच्या तारखेपासून मोजलेले, आणि पायऱ्या मात्र एमपीसीच्या तारखांना. आज कर्व्ह काढला तर पायरी ३ महिन्यांवर, उद्या काढला तर एक दिवस पुढे, अशी पायरी रोज सरकत राहते आणि सौद्याची किंमत कारण नसताना हलते. म्हणून जरा नीट काम करणारे लोक पहिल्या भागात ठिपक्यांच्या जागी एमपीसीच्या तारखाच सांधे म्हणून ठेवतात आणि दोन तारखांच्या मधे सपाट फॉरवर्ड. ३१ मार्चचं पण असंच, वर्षअखेरीला बँका पैसे धरून ठेवतात आणि एखाद-दोन रात्रींचा दर उसळतो, ती उसळी वेगळी काढून ठेवायची, बाकीचा कर्व्ह बांधायचा आणि मग परत जोडायची. नाहीतर एका रात्रीची उसळी पूर्ण महिन्यावर पसरते.

आक्षेप बरोबर आहे तो लांबच्या मुदतीला. सात वर्षं आणि दहा वर्षं या दोन ठिपक्यांच्या मधे तीन वर्षं दर एकदम सपाट आणि मग अचानक पायरी, हे कुणालाच पटण्यासारखं नाही, तिथे एमपीसीच्या तारखा पण कुणाला माहीत नाहीत. तिथे गुळगुळीत रेघ रास्त आहे.

मग दोन्ही जमेल अशी पद्धत नाही का

आहे, जवळपास. पॅट्रिक हेगन आणि ग्रॅम वेस्ट यांनी २००६ मध्ये एक पेपर काढला, त्यात कर्व्हच्या बऱ्याच पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आणि स्वतःची एक मांडली, मोनोटोन कन्व्हेक्स. कल्पना अशी की आधी प्रत्येक तुकड्यातला सरासरी वेग घ्यायचा, आपले ५.९, ७.२, ६.६, आणि मग त्या तुकड्याच्या आत फॉरवर्डची रेघ अशी वाकवायची की सरासरी तीच राहील, शेजारच्या तुकड्याशी सांधा जुळेल आणि फॉरवर्ड शून्याखाली जाणार नाही. स्प्लाइन झिरोवर काम करते आणि फॉरवर्डचं काय होतंय तिकडे बघत नाही, इथे सुरुवातच फॉरवर्डपासून.

फुकट काही नाही. आत चार वेगवेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यानुसार सूत्र बदलतं, त्यामुळे दर जरासा हलून परिस्थिती एकीतून दुसरीत गेली की एका बेसिस पॉइंटला किती पैसे हलतात हा आकडा (ट्रेडर त्याला पीव्ही०१ म्हणतात) चमत्कारिक वागू शकतो. हेज शेजारच्या ठिपक्यांपर्यंत थोडा सांडतो. आणि नवीन माणसाला कोड समजवायला अख्खी दुपार जाते. फॉरवर्डवर थेट पैसे लागलेले लांबचे सौदे बरेच असतील तर घ्या, नुसते साधे स्वॅप (ओआयएससारखे फिक्स दराच्या बदल्यात बदलता दर असे करार) असतील तर मला नाही वाटत गरज आहे.

मधला रस्ता म्हणून मोनोटोन क्युबिक पण वापरतात, म्हणजे स्प्लाइनच, पण दिलेल्या दोन आकड्यांच्या बाहेर न जाण्याची अट घातलेली. चांगली आहे, पण एक गैरसमज सांगून ठेवतो, झिरोवर मोनोटोन लावली म्हणून फॉरवर्ड शहाणा राहील याची हमी नसते. अंतरावर लावली तर अंतर कधी कमी होणार नाही, म्हणजे फॉरवर्ड ऋण होणार नाही, एवढी हमी मिळते. परत तोच प्रश्न, कशावर?

आणि ऋण फॉरवर्ड म्हणजे नेहमी चूकच असंही धरू नका. युरोपियन सेंट्रल बँकेचा डिपॉझिट रेट जून २०१४ पासून जुलै २०२२ पर्यंत शून्याखाली होता, जपानमध्ये पण २०१६ ते २०२४ तसंच. त्या चलनांच्या सिस्टिममध्ये ज्यांनी "फॉरवर्ड ऋण आला तर थांब" असा चेक टाकून ठेवला होता त्यांचे हाल झाले असणार. रुपयासाठी तो चेक ठेवा, पण चलनानुसार बदलता येईल असा ठेवा.

"नेल्सन-सीगल का नाही वापरत मग?"

तो वेगळ्या कामाचा आहे, थोडक्यात उरकतो. १९८७ चं नेल्सन-सीगल आणि १९९४ मधली त्याची स्वेन्सनची सुधारणा यात ठिपक्यांतून रेघ जातच नाही, चार किंवा सहा आकड्यांचं एक सूत्र सगळ्या ठिपक्यांच्या जवळून जाईल असं बसवतात. सरकारी बाँडमध्ये शेकडो कागद, काहींची उलाढाल नाहीच, भाव थोडे इकडेतिकडे, तिथे हे उत्तम, आपल्याकडे सीसीआयएल (क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) झिरो कूपन कर्व्ह काढते तो पण याच घराण्यातला. पण स्वॅप डेस्कला पाच वर्षांचा बाजारभाव परत हवा असतो तो पैशापैशाने तोच. आपल्याच सिस्टिमने बाजारापेक्षा वेगळा भाव दाखवला तर ट्रेडर फोन करून जे बोलेल ते इथे लिहिता येणार नाही.

कोडमध्ये जिथे घसरायला होतं

पहिली जागा बूटस्ट्रॅप. बूटस्ट्रॅप म्हणजे बाजारातल्या स्वॅप दरांवरून एकेक ठिपका क्रमाने सोडवत झिरो किंवा डिस्काउंट फॅक्टर काढणं. रुपयाचा ओआयएस एक वर्षाच्या पुढचा असेल तर दर सहा महिन्यांनी पैसे बदलतात, त्यामुळे सात वर्षांचा स्वॅप सोडवायला साडेपाच, सहा आणि साडेसहा वर्षांचे डिस्काउंट फॅक्टर लागतात, आणि तिथे बाजाराचा ठिपकाच नाही. म्हणजे इंटरपोलेशन कर्व्ह बांधतानाच आत शिरतं, नंतर वाचताना लावायची ती पॉलिश नाही. एका टीमने फ्लॅट फॉरवर्डने बांधला, डिस्काउंट फॅक्टर टेबलात ठेवले, दुसऱ्या टीमने ते उचलून झिरोवर सरळ रेघ मारली, की सात वर्षांचा स्वॅप शून्य किमतीचा यायला हवा तो येत नाही आणि मग आठवडाभर मीटिंगा. टेबलात आकड्यांबरोबर पद्धतीचं नाव पण ठेवा. आणि रोज कर्व्ह बांधून झाला की ज्या स्वॅपवरून बांधला तेच स्वॅप परत किंमत काढून शून्य येतंय का बघणारी एक टेस्ट हवीच, ती नसेल तर बाकी काही बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी जागा म्हणजे लायब्ररीचे डिफॉल्ट. "डिफॉल्ट आहे म्हणजे कुणीतरी विचार करूनच ठेवलं असेल" हे खरं आहे, पण तो विचार व्याजदरांचा नव्हता. सायपायची क्युबिकस्प्लाइन डिफॉल्टने टोकाला नॅचरल अट पण लावत नाही, नॉट-अ-नॉट नावाची दुसरी लावते, त्यामुळे पायथनमधला आकडा आणि एक्सेलच्या जुन्या मॅक्रोमधला आकडा जुळत नाही आणि दोघेही म्हणतात आमची क्युबिक स्प्लाइनच आहे.

तिसरी जागा शेवटच्या ठिपक्याच्या पलीकडे. ओआयएसचे भाव दहा वर्षांपर्यंत, पण सरकारने २०२३ मध्ये ५० वर्षांचा बाँड पण काढलाय, आणि विमा कंपन्यांची देणी तीस-चाळीस वर्षं लांब असतात, त्यामुळे कुणीतरी कधीतरी बारा वर्षांची तारीख मागणारच. पायथनच्याच नमपाय लायब्ररीचं इंटर्प फंक्शन अशा वेळी काही न बोलता शेवटचाच आकडा परत देतं. त्याला झिरो रेट दिले असतील तर ठीक आहे, दहा वर्षांचाच दर पुढे चालू राहतो. पण डिस्काउंट फॅक्टर किंवा त्याचा लॉग दिला असेल तर दहा वर्षांनंतर डिस्काउंट फॅक्टर हलायचाच थांबतो, म्हणजे फॉरवर्ड शून्य, बेलापूरच्या अलीकडे गाडी उभी आणि मीटर बंद. स्प्लाइनचं उलट, ती शेवटच्या तुकड्याचा तिसरा घात तसाच पुढे ताणते, आणि तिसरा घात दहा वर्षं ताणला की तो कुठल्या कुठे जातो. मी अशा ठिकाणी कोडला सरळ एरर द्यायला लावीन, आणि ज्याला खरंच बारा वर्षांचा आकडा हवा आहे त्याने शेवटचा सपाट फॉरवर्ड पुढे न्यायचा की दुसरं काही, ते कॉन्फिगमध्ये स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं.